उमेळ्याच्या बांधावरचे ऑर्क

लोक वसईला किल्ला बघायला जातात, समुद्र बघायला जातात. मी ऑर्क बघायला गेले. सांगलीहून निघताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणाचं लग्न आहे का गं?" मी म्हटलं, "नाही ओ, बापलेकीचं भांडण मिटवायचंय. राक्षसांवरून झालंय." काकूंनी पुढं काही विचारलं नाही. माझ्या बाबतीत त्यांनी ते केव्हाच सोडून दिलंय.

ज्यांना आमचं हे खूळ माहीत नाही त्यांना आधी सांगते. माझं सांगलीत स्टेशनरीचं दुकान आहे आणि दर रविवारी दुकानामागच्या खोलीत आम्ही खेळ मांडतो. एक जण मास्तर होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कुणी शिलेदार, कुणी जादूगार, कुणी चोर. ठरवलेलं जमलं की फसलं हे फासा सांगतो. आणि गोष्टीत मारायला कुणीतरी लागतंच, म्हणून ऑर्क. हिरवट कातडी, खालच्या जबड्यातून वर आलेले सुळे, हातात कुऱ्हाड. मी खेळायला लागले तेव्हा खेळाच्या पुस्तकात ऑर्कच्या नावापुढं सरळ 'दुष्ट' असं छापलेलं असायचं, चहाच्या पुड्यावर वजन छापतात तसं. दिसला की कापा, प्रश्नच नाही! आता सगळं बदललंय. नव्या पुस्तकांत ऑर्क खेळाडूंनी घ्यायच्या पात्रांच्या पानांवर येऊन बसलाय. त्याला आईबाप आहेत, घरदार आहे, आणि चांगलं व्हायचं की वाईट हे त्याचं त्यानं ठरवायचं. यावरून खेळणाऱ्यांत कडाक्याची भांडणं होतात, आणि तसंच एक वसईजवळच्या उमेळ्यात, प्रमोदच्या घरात झालं.

प्रमोद माझा फोनवरचा मित्र. खेळामुळं ओळख झाली, वर्षानुवर्षं बोललो, पण एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. त्याची लेक सायली बारा वर्षांची असल्यापासून त्याच्या टेबलावर खेळायची. तिनं घेतलेलं पात्र म्हणजे एक ऑर्क बाई, नाव धोंडी. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत धोंडी ऑर्कांच्या गुहेत शिरली, तलवार खाली ठेवली आणि म्हणाली, मला बोलायचंय. मास्तर होता प्रमोद. तो म्हणाला, ऑर्क बोलत नसतात. फासा टाकला, धोंडी मेली. सायलीनं फासे डबीत भरले आणि त्यानंतर ती बापाबरोबर खेळायला बसली नाही. घरात दोघं बोलायची, पण सिलिंडर आला का, लाईट बिल भरलं का, एवढंच.

मे महिन्यात प्रमोदचा फोन आला. "ताई, पोरगी जूनमधी हैदराबादला चालली शिकायला. तुमी या नि एक खेल चालवा. जायच्या आदी एकदा आमी दोघं एका टेबलावर बसलो पायजे. मी बोलवलं तर ती येनार नाय." मी त्याच दिवशी तिकीट काढलं. अहो, असलं आमंत्रण आयुष्यात एकदाच येतं!

उमेळे, शुक्रवार

रिक्षातून डोकं बाहेर काढून मी बघत होते. एका अंगाला केळीची बाग, दुसऱ्या अंगाला हिरव्या जाळीत गुंडाळलेली सात मजली इमारत. पुन्हा भाजीची वाडी, विहीर, पानवेलीचा मांडव, आणि पुन्हा इमारत. रिक्षावाल्यानं प्रमोदचं घर विचारायला एका म्हाताऱ्या बाईंजवळ गाडी थांबवली, तर त्यांनी आधी माझं सगळं गोत्र विचारून घेतलं आणि मग समोरच्याच दाराकडं बोट दाखवलं. सांगलीतही हेच होतं, त्यामुळं मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

प्रमोद आवाजावरून मला धिप्पाड वाटायचा. निघाला किडकिडीत, चष्मेवाला, मुंबईत ऑफिसला जाणारा आणि सुट्टीला खाडीकाठच्या शेतात राबणारा माणूस. बायको मनीषा हसरी आणि तोंडानं फटकळ. तिनं माझ्यापुढं चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, रस्सा आणि तांदळाची भाकरी ठेवली. आमच्याकडं रस्सा म्हणजे मटणाचा, भाकरी म्हणजे ज्वारीची. चिंबोरी कुठून धरायची हेच मला कळेना. मी चमच्यानं नांगी दाबली तर ती टुणकन उडून प्रमोदच्या ताटात गेली. मनीषा म्हणाली, "ताई, ऑर्क मारता नि चिंबोरीला घाबरता?" तिनं दातानं नांगी कशी फोडायची ते दाखवलं, आणि नंतर मी जी सुटले ते दोन ताटल्या भरून टरफलं झाली. वर तोंडात टाकायला सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. काय चव आहे ओ! सांगलीला न्यायला घेतलेल्यांतली अर्धी मी तिथंच संपवली.

जेवताना विषय निघालाच. प्रमोद म्हणाला, "ताई, दिवसभर ऑफिसात कोन चांगला, कोन वाईट तेच कळत नाय. निदान खेलात तरी कळू दे ना. ऑर्क दिसला, वाईट. झाला विषय."

सायली ताटातून मान वर न काढता मला म्हणाली, "आंटी, दिवाळीला आपण बळीराजाचं राज्य येऊ दे म्हणतो ना? तो कोण होता? असुरच ना?"

"तो राजा होता," प्रमोद.

"मग माझी धोंडी काय रस्त्यावर पडली होती?"

मनीषानं दोघांच्या ताटात न विचारता भात वाढला. मी मात्र मनातल्या मनात टाळी वाजवली, कारण इतकी वर्षं मी दरवर्षी ते म्हणत आले आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

फुलपाडा, शनिवार सकाळ

रविवारच्या खेळासाठी मला पटावर ठेवायच्या बाहुल्या हव्या होत्या. अंगठ्याएवढ्या असतात त्या. प्रमोदनं विरार पूर्वेचा पत्ता दिला, संदेश नावाच्या पोराचा. मी स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला उतरले, भलत्याच रिक्षात बसले आणि पश्चिमेला एका डेअरीसमोर उभी राहून फुलपाडा कुठं म्हणून विचारत होते. डेअरीवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही उलट्या गावात आलात." उन्हानं जीव नकोसा झाला होता. त्यानं थंडगार ताक पाजलं आणि परत स्टेशनच्या पुलापर्यंत आणून सोडलं. देव त्याचं भलं करो.

संदेशचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीत एका बाजूला कपडे वाळत होते आणि दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकच्या बाहुल्या छापायचं थ्रीडी मशीन घुंई घुंई करत होतं. संदेशचे आईवडील साताऱ्याकडचे, त्यामुळं त्यानं मला "या की" म्हटलं तेव्हा मला भरून आलं. पण त्याच्या भिंतीवरची फळी बघितली आणि मी सगळं विसरले.

फळीच्या डावीकडं त्यानं सुरुवातीला बनवलेले ऑर्क. कमरेत वाकलेले, लाल डोळे, तोंडातून लाळ, हातात तुटकं मुंडकं. उजवीकडं सरकत जावं तसे ऑर्क ताठ होत जात होते. मधे एक नुसताच उभा होता, कुऱ्हाड जमिनीला टेकवून. पुढं एक ढोल वाजवणारा. एक चष्मा लावून वाचणारी. एकाच्या कडेवर शेंबडं पोर, आणि त्या पोराला इवलासा एकच सुळा! मी अक्षरशः किंचाळले. आतून त्याची आई धावत आली.

"पहिले सगळे बोलायचे, भाई, डेंजर बनव," संदेश म्हणाला. "आता डेंजर कोणी मागतच नाही. एक जण बोलला, माझा ऑर्क शाळेत शिकवतो, त्याच्या हातात डस्टर पाहिजे. दिला बनवून."

मी टोपलीभर बाहुल्या निवडल्या. निघताना त्यानं कापसात गुंडाळलेली एक बाहुली पुढं केली. "तुम्ही उमेळ्याला उतरलात ना? ही प्रमोददादांना द्या. दिवाळीनंतर लगेच ऑर्डर दिली होती. कधीची तयार आहे. फोन केला की बोलतात, येतो येतो. येतच नाहीत."

कापूस उलगडला. ऑर्क बाई, अंगानं भरलेली, वेणी पुढं घेतलेली, कमरेला विळा, आणि दोन्ही हात रिकामे. तलवार नव्हतीच. संदेश म्हणाला, "तलवार नको असं त्यांनी दोनदा सांगितलं."

मी ती पर्समध्ये ठेवली आणि पर्स पोटाशी धरून रिक्षात बसले. या वेळी दिशा तीनदा विचारून घेतली.

बोळिंज, शनिवार संध्याकाळ

सायली आता बोळिंजला खेळते, तिच्या मैत्रिणीच्या, रिबेकाच्या सोसायटीत. क्लब हाऊसमध्ये एका बाजूला आज्यांचं भजन आणि दुसऱ्या बाजूला यांचा खेळ. रिबेका मूळची वसईतल्या खाडीकाठच्या गावची, घरचे आता इथं फ्लॅटमध्ये राहतात. तिच्या मम्मीनं फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळून पाठवले होते, गरम, गोल, हलके. ते खात खात मी त्यांचा खेळ बघितला.

त्यांच्या खेळात एक ऑर्क बेकरी चालवतो. दुसरा कविता करतो. तिसऱ्याला रक्त बघितलं की चक्कर येते. मी म्हटलं, "अगं पोरींनो, इतके गोड ऑर्क की मधुमेह व्हायचा! मग वाईट कोण?"

"वाईट तो जादूगार," रिबेका म्हणाली. "त्याला खाडीत भराव टाकून महाल बांधायचाय. आंटी, तो माणूस आहे. एकदम गोरा, हँडसम, सगळ्यांशी स्वीट बोलतो. तरी लगेच ओळखू येतो."

मी इतकी हसले की भजनवाल्या आज्यांनी वळून बघितलं. खरं सांगते, मला त्यांचा खेळ आवडला आणि थोडा हेवाही वाटला. आम्ही ऑर्क मारत वाढलो. यांना तो काय खातो, त्याच्या घरी कोण आहे, हे आधी विचारावंसं वाटतं.

खेळ संपल्यावर सायली आणि मी पार्किंगच्या कट्ट्यावर बसलो. मी सरळच विचारलं, "धोंडी मेली म्हणून इतका राग?"

"मेली त्याचं काय नाही, आंटी. कॅरेक्टर मरतात. पण मी तलवार ठेवली होती ना खाली. मी बोलत होते. पप्पांनी फासा टाकायच्या आधीच डिसाईड केलं होतं. मी काय बोलतेय ते ऐकतच नव्हते." तिनं कट्ट्यावरचा खडा उचलून लांब भिरकावला. "घरात पण तसंच करतात. हैदराबादचं पण आधी नाहीच बोलले होते. मम्मी भांडली म्हणून जातेय मी."

"उद्या येशील?"

"तुम्ही चालवताय म्हणून येईन. पण ऑर्कच घेणार. नवीन. आणि डॉल नको, माझी धोंडी गेली. मला चिंचोका चालेल."

पर्समधली बाहुली मला चटके देत होती. तिथंच काढून हातात द्यावी असं फार वाटलं. पण ती द्यायचा हक्क माझा नव्हता. उमेळ्याला परतल्यावर मी ती प्रमोदला दिली. त्यानं उलटसुलट करून बघितली, रुमालात बांधली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"देत का नाहीस?" मी म्हटलं.

"काय बोलून देऊ?" तो म्हणाला, आणि मोटर बंद करायला विहिरीवर निघून गेला.

उमेळे, रविवार

सकाळी प्रमोद मला त्याच्या शेताकडं घेऊन गेला. पायवाट संपली आणि समोर मातीचा लांबच लांब बांध. बांधाच्या अलीकडं भाताची खाचरं, उन्हानं भेगाळलेली, आणि पलीकडं खाडीचं चिखलाळ पाणी, दूरवर मिठागरांतले पांढरे ढीग. एवढ्या मातीच्या उंचवट्यानं खारं पाणी रोखून धरलंय! मी बांधावर चढून दोन्हीकडं बघत राहिले, मला तिथून हलावंसंच वाटेना.

"फुटला तर?" मी विचारलं.

"फुटतो की. मोटं उधान आलं की फुटतो. एकदा खारं पानी शिरलं की दोन-तीन वर्सं भात नाय. मग हाळी द्यायची. हाळी आयकली की सगल्यांनी यायचं, ज्याचं तोंड बघत नाय त्यानं पन यायचं. आदी बांध, भांडन नंतर. नि ज्याच्या शेताशी फुटला त्याच्या घरी सगल्यांचं जेवन. माज्या आज्यापासून तसंच."

आमच्याकडं कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आम्ही धान्य आणि टीव्ही माडीवर नेतो आणि पाणी कुठपर्यंत आलं ते बघत बसतो. इथं पाणी आलं की माणसं त्याच्याकडं धावतात. हा विचार मला परतीच्या वाटेवर फार वेळ पुरला.

आता नशिबाचा खेळ बघा. मी चालवायला आणलेली गोष्ट नेमकी खाडीकाठच्या गावाचीच होती! सांगलीत बसून, खाडी न बघता लिहिलेली. डोंगरावरून ऑर्कांची टोळी येते, गावाचा बांध फोडते, शिलेदार तलवारी उपसतात, जंगी लढाई होते. आमच्याकडं दर वेळी तशीच झाली. बांधाचं पुढं काय झालं हे आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

ओटीवर टेबल मांडलं. प्रमोद, सायली, खेळायला मुद्दाम बोलावलेले रिबेका आणि संदेश, आणि मास्तर मी. बापलेक समोरासमोर बसली, मधे पट. प्रमोदची बाहुली म्हणजे तलवार उगारलेला शिलेदार. सायलीनं चिंचोका ठेवला, जरा जोरातच. सुरुवातीला कुणी मोकळं बोलेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक जिवंत चिंबोरी सुटली आणि तिरकी तिरकी चालत थेट माझ्या पायाशी आली. मी खुर्चीवर उभी राहून बोंब ठोकली. रिबेकानं तिला मागून शिताफीनं उचललं आणि मनीषाला नेऊन दिलं. "मास्तरच पळाले!" संदेश ओरडला. सगळे हसले, सायलीही हसली, आणि बाप हसतोय हे दिसल्यावर थांबली.

गोष्ट बांधापर्यंत आली. मी आवाज चढवला. "डोंगरावरून चाळीस ऑर्क उतरलेत. हातात कुऱ्हाडी. धाडकन आवाज झाला आणि बांध फुटला! खारं पाणी शिलेदाराच्या शेतात शिरतंय. काय करता?"

"तलवार टाकली," प्रमोद म्हणाला. जराही थांबला नाही. "आदी बांध."

"मी पण," रिबेका म्हणाली. "टोपली घेते. माती कुठे आहे?"

"मी भगदाडात उभी राहते, आडवी," सायली म्हणाली.

"अरे, पण ऑर्क?" संदेश एकटा तलवार उपसून उभा. "मागे चाळीस ऑर्क आहेत! तुम्ही सगळे पाठ करून काय उभे राहिलात?"

मी सुन्न झाले. इतक्या वेळा हा खेळ चालवला, पण शत्रूकडं पाठ करून माती उचलणारे शिलेदार पहिल्यांदाच बघत होते. माझ्या कागदावर लिहिलेलं होतं, ऑर्क मागून वार करतात. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि सायली ज्या नजरेनं बघत होती ती नजर मला ओळखू आली. गुहेत तलवार खाली ठेवल्यावर तिनं मास्तरकडं असंच बघितलं असणार.

मी तोंड उघडणार तोच प्रमोद बोलला. माझ्याशी नाही. पटाकडं बघत, चष्मा पुशीत म्हणाला, "सायली, तुजी मानसं काय करतील?"

सायलीनं चिंचोका बोटानं भगदाडात नीट बसवला. मग ती हळूच म्हणाली, "थांबलेत ते. त्यांना कळत नाहीये. आजपर्यंत सगळे त्यांना बघून तलवारच काढायचे."

प्रमोदनं खिशातून रुमाल काढला. गाठ सुटता सुटेना, शेवटी दातानं सोडवली. भगदाडातला चिंचोका त्यानं बाजूला घेतला, त्या जागी ती रिकाम्या हातांची ऑर्क बाई ठेवली, आणि आपला शिलेदार उचलून तिच्या खांद्याला खांदा लावून उभा केला.

"पानी वाढतंय," तो म्हणाला. "धोंडे, हात दे."

सायली बाहुलीकडं बघत राहिली. वेणीला बोट लावून बघितलं, मग विळ्याला, मग रिकाम्या हातांना. "पप्पा, ती मेली होती."

"कोन बोलला?"

"तुम्ही."

"मी चुकलो होतो. तू बोलत होतीस, मी आयकलं नाय." मग माझ्याकडं वळून, जरा घाबरतच, "मास्तर, मेली होती काय ती?"

मी समोरचे कागद उगाच वरखाली केले. डोळ्यांपुढं सगळं धुकट झालेलं, वाचणार काय कपाळ! "जखमी होती," मी म्हटलं. "आता बरी आहे. पण पाणी जोरात आहे. फासा टाकावा लागेल."

"तू टाक," प्रमोद म्हणाला. "सगल्यांसमोर."

सायलीनं वीस बाजूंचा फासा टाकला. तीन. संदेशनं कपाळावर हात मारला.

"मी हात दिलाय तिला," प्रमोद उठून उभाच राहिला. "मदत असली की परत टाकायचा. नियम हाय!"

नियम खरंच आहे. सायलीनं फासा परत टाकला. तो पटावरून घरंगळला, सुकेळीच्या ताटलीला थडकला आणि थांबला. सतरा! काय ओरडलो आम्ही! शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. रिबेका खुर्चीवर चढली. मी तर माझ्या हातातले कागद उडवून दिले, आणि बघता बघता चाळीस ऑर्क कुऱ्हाडी टाकून, टोपल्या घेऊन बांधावर आले. ते येतील असं मी कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"शेत कुणाचं होतं?" सायलीनं विचारलं. तिच्या गालावर पाणी होतं आणि ती हसत होती.

"माजं," प्रमोद म्हणाला.

"मग जेवण तुमच्याकडे."

प्रमोदनं आत हाक मारली, "मनीषा, जेवायला मानसं वाढली!"

"किती?"

त्यानं लेकीकडं बघितलं.

"चाळीस ऑर्क, मम्मी!"

आत परात वाजली. मग मनीषाचा आवाज आला, "हात धुवून बसा म्हणावं. नि भाकऱ्या थापायला एक जण आत या."

बाप आणि लेक, दोघंही उठली. जाताना सायलीनं चिंचोका खिशात टाकला. धोंडीला तिनं उचललं नाही. ती बांधावरच राहिली, शिलेदाराच्या शेजारी.